बाळ काचेत असताना घरानं काय करायचं

रायपूरच्या सदर बाजारातल्या गलाईवाल्या मराठी घरांत सातवा महिना म्हणजे प्रवासाचा महिना. विटा, खानापूर, आटपाडी या सांगली जिल्ह्यातल्या भागातून ही माणसं सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी देशभरच्या सराफ बाजारांत पसरली, पण पहिलं बाळंतपण आजही माहेरी. सातव्यात ओटी भरायची, डोहाळजेवण उरकायचं आणि आझाद हिंद एक्सप्रेसनं सुनेची पुण्याकडे रवानगी करायची. बाळाला मात्र तिकिटाची तारीख कुणी सांगितलेली नसते. ते आधीच येतं. मग सुनेची आई विट्याला, सासू आटपाडीला आणि इथं दुकानावरच्या दोन खोल्यांत घाबरलेला नवरा, दोन कारागीर आणि गावाकडे फोनवर सांगायला एकच वाक्य: बाळाला काचेत ठेवलंय.

हा लेख अशा घरांसाठी आहे. तात्यापारा-बुढापाऱ्यातल्या जुन्या मराठी कुटुंबांची अडचण उलटी असते, हाताशी चार बायका आणि चाळीस सल्ले, त्यांनीही वाचावा. मला सांगायचं आहे ते इतकंच, की काचेबाहेर नुसतं हात जोडून बसू नका. आईचं दूध आणि घरच्यांच्या छातीची ऊब हे या बाळांचं औषध आहे. ते मेडिकलच्या दुकानात मिळत नाही आणि ते बाळापर्यंत पोचवण्याची सगळी व्यवस्था घरालाच करावी लागते.

सुरुवात जन्माच्या आधीपासून करते. ३७ आठवडे पुरे होण्याआधी जन्मलेलं ते अपुऱ्या दिवसांचं बाळ. २०२० साली भारतात अशी सुमारे ३० लाख बाळं जन्मली, म्हणजे हे आपल्याच नशिबी आलं असं मानायचं कारण नाही. दिवस भरण्याआधी कंबरेत कळा येऊन-जाऊन राहू लागल्या, पाणी गेलं, रक्त दिसलं, डोकं फुटेल असं दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली, तर कोपऱ्यावरच्या छोट्या नर्सिंग होममध्ये वेळ घालवू नका. जिथं नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग आहे तिथंच बाळंतपण होऊ द्या. जन्मल्यावर बाळाला हलवण्यापेक्षा पोटात असताना आईला हलवणं कितीतरी सुरक्षित. रायपुरात मोठ्या सरकारी जागा दोन: डॉ. आंबेडकर रुग्णालय, ज्याला अख्खं शहर मेकाहारा म्हणतं, आणि टाटीबंधचं एम्स. १०२ क्रमांक फिरवला की महतारी एक्सप्रेस फुकट येते. पण सदर बाजाराच्या गल्लीत, त्यातून धनत्रयोदशीच्या आठवड्यात, गाडी दारापर्यंत येईल या भरवशावर राहू नका. ती कोतवाली चौकात थांबवायची की सत्ती बाजाराच्या बाजूला, आणि तिथवर बाईला खुर्चीत बसवून कोण दोघं नेणार, हे आधी ठरवून ठेवा.

रुग्णालयात पोचल्यावर एक प्रश्न विचाराच: “फुप्फुसाचं इंजेक्शन दिलं का?” २४ ते ३४ आठवड्यांच्या दरम्यान बाळंतपण होणार असं दिसलं, तर आईला डेक्सामेथासोनची इंजेक्शनं देतात. प्रत्येक ६ मिलिग्रॅमचं, दर १२ तासांनी, एकूण ४. त्यानं बाळाची कच्ची फुप्फुसं जन्माआधी तयार व्हायला मदत होते. न्यूझीलंडमध्ये लिगिन्स आणि हॉवी या दोघांनी १९७२ मध्ये हे दाखवून दिलं. औषध अगदी स्वस्त आहे, फक्त ते वेळेत मिळायला हवं. आणि ज्यांना आधीचं बाळ अपुऱ्या दिवसांत झालं, ज्यांना जुळं आहे किंवा ज्यांचा रक्तदाब चढतो आहे, त्यांनी सातव्या महिन्यातला तो लांबचा रेल्वेप्रवास डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. आईनं लेकीकडे यावं. रीत त्यानं मोडत नाही.

बाळ लवकर आलं की घर कारण शोधू लागतं, आणि तो शोध बहुतेक वेळा सुनेपाशी येऊन थांबतो. पपई खाल्ली, ग्रहणात भाजी चिरली. पपईनं किंवा ग्रहणानं बाळ आधी येत नाही. जुळं असणं, वाढलेला रक्तदाब, जंतुसंसर्ग, दोन बाळंतपणांतलं कमी अंतर ही माहीत असलेली कारणं, आणि कितीदा तरी कारण सापडतच नाही. एका गोष्टीबद्दल मात्र मी गप्प बसणार नाही. गावाकडे बायका मिश्री लावतात, छत्तीसगढात गुडाखू घासतात. नाव वेगळं, आत तंबाखूच. मुंबईतल्या १२१७ गरोदर बायकांचा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात मिश्रीसारखा बिनधुराचा तंबाखू वापरणाऱ्यांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमनं हलकी निघाली, आणि दिवस भरण्याआधी बाळंत होण्याचं प्रमाणही त्यांच्यात जास्त होतं. सुनेला बोल लावण्याऐवजी घरातल्या सगळ्याच बायकांनी डबी फेकून दिली तर पुढच्या बाळाला उपयोग होईल.

“सातव्याचं जगतं, आठव्याचं जगत नाही” हे वाक्य कुणी ना कुणी ऐकवणारच. ते साफ खोटं आहे. पोटात काढलेला प्रत्येक आठवडा बाळाच्या बाजूनं असतो. आठव्यातलं बाळ सातव्यातल्यापेक्षा तगडंच असतं.

आता आतलं जग. बाळ खरं म्हणजे बहुधा काचेच्या बंद पेटीत नसून उघड्या वॉर्मरखाली असतं. नाकाला श्वासाला आधार देणाऱ्या सीपॅपच्या नळ्या, तोंडातून पोटात गेलेली दुधाची नळी, पायाला लाल दिवा बांधलेला. मॉनिटर सारखा किंचाळतो. त्यातला निम्मा आवाज वायर हलल्याचा असतो, म्हणून नर्स धावली नाही तर लगेच निष्काळजी ठरवू नका. नर्सकडे पाहा, ती बाळाकडे बघते आहे ना ते पाहा. ऑक्सिजनवरच्या बाळाचं सॅच्युरेशन मुद्दाम ९० ते ९५च्या दरम्यान ठेवतात. “शंभर का नाही?” म्हणून भांडणारे वडील मी पाहिले आहेत. जास्त ऑक्सिजन डोळ्यांच्या पडद्याला बाधतो, म्हणून शंभर नको. अशा बाळांचा श्वास मधूनच थांबतो, कारण मेंदूची ती सवय अजून पक्की झालेली नसते. त्यासाठी कॅफीन देतात. आपल्या चहा-कॉफीतलंच, पण मोजून.

पहिल्या दिवसांत वजन उतरतं. साधारण १० ते १४ दिवसांत ते जन्माच्या वजनावर परत येतं, आणि पुढे दर किलोमागे दिवसाला सुमारे १५ ग्रॅम वाढलं तर डॉक्टर खूश असतात. सराफ बाजारातल्या माणसाला ग्रॅमची भाषा शिकवावी लागत नाही. पण सोन्याच्या काट्यासारखा रोजच्या आकड्यावर जीव टांगू नका. आठवड्याचा कल विचारा.

डॉक्टरांशी बोलायला घरातला एकच माणूस ठरवा आणि त्याच्या हातात वही द्या. मामा, काका, पेढीचे शेठ असे पाच जण पाच वेळा विचारायला गेले की पाच अर्धवट उत्तरं घरी येतात आणि संध्याकाळी त्यांचीच भांडणं होतात. वहीत रोज एवढंच लिहा: वजन, दूध किती मिली जातंय, श्वासाला कशाचा आधार, नवीन काय सुरू झालं, काय बंद झालं. बाळाला दुसऱ्या ठिकाणी न्यायची वेळ आली तर ही वही आणि सविस्तर केस-पेपर दोन्ही सोबत असू द्या.

आणखी एक चौकशी करा, जरा अवघड वाटली तरी. रात्री विभागात कोण असतं, आणि आग लागली तर बाळं कुठून बाहेर काढतात? रायपूरहून नागपूरला जाताना भंडारा लागतं. तिथल्या जिल्हा रुग्णालयात ९ जानेवारी २०२१च्या पहाटे नवजात विभागाला आग लागून १० बाळं गेली. विचारल्यानं कुणाचा अपमान होत नाही.

आता दूध. इथं मी जास्त वेळ घेणार आहे, कारण घराचा सगळ्यात मोठा वाटा इथंच आहे.

मुंबईच्या सायन रुग्णालयात नवजात विभाग सांभाळणाऱ्या डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये आईच्या दुधाची पेढी सुरू केली. आशिया खंडातली ती पहिली. पालिकेचं रुग्णालय, गर्दी अफाट, पैसा तुटपुंजा. तिथं त्यांनी बाळांसाठी पावडरच्या डब्याऐवजी आयांच्या दुधाची वाट धरली. लहानग्या बाळांची आतडी इतकी नाजूक असतात की डब्याच्या दुधानं ती सडण्याचा गंभीर आजार होण्याचा धोका वाढतो. आईच्या दुधानं तो कमी होतो. “दूध येतच नाही” असं ठरवून दुसऱ्याच दिवशी डबा आणायला धावणाऱ्या घरांनी हे ध्यानात ठेवावं.

बाळ ओढत नाही म्हणून दूध येत नाही, आणि दूध काढलं नाही तर ते आटतं. म्हणून बाळंतपणानंतर पहिल्या काही तासांतच, शक्यतो ६ तासांच्या आत, हातानं दूध काढायला सुरुवात करायची. पहिलं चिकाचं दूध चमचाभरही निघणार नाही. निघेल तो थेंब बाळाच्या तोंडात लावायला द्यायचा, टाकायचा नाही. मग दर २ ते ३ तासांनी, दिवसातून ८ वेळा तरी, आणि रात्रीचं एखादं सत्रही चुकवायचं नाही. उकळून घेतलेली झाकणाची स्टीलची वाटी पुरते. खोलीच्या तापमानाला हे दूध साधारण ४ तास टिकतं, फ्रिजमध्ये २४ तास. रायपूरच्या मे महिन्यात मात्र खोलीच्या तापमानावर विश्वास ठेवू नका, थेट फ्रिज किंवा बर्फाचा डबा. वाटीवर वेळ लिहून चिठ्ठी चिकटवा.

३४ आठवड्यांच्या आसपास बाळाला चोखणं, गिळणं आणि श्वास घेणं हे तिन्ही एका लयीत जमू लागतं. तोवर आधी नळीनं, मग वाटी-चमच्यानं किंवा पलाडीनं, म्हणजे चोचीच्या छोट्या वाटीनं. बाटली कुठल्याच टप्प्यावर लागत नाही.

या सगळ्यात आईचं काय होतं ते पाहा. तिला टाके आहेत, छाती ठणकते आहे, शेजारच्या खाटेवरची बाई बाळ घेऊन घरी गेली आहे, आणि ही रात्री दोन वाजता वाटीत थेंब पिळते आहे. अशा वेळी “अजून एवढंच?” असं वाटीत डोकावून म्हणणारी सासू किंवा नणंद नको. तिला दर वेळी पाणी द्यायला, वाटी उकळायला आणि तिच्या जेवणाची वेळ सांभाळायला एक माणूस हवं. डिंकाचे लाडू, आळीव, शतावरी यांवर घरोघरी श्रद्धा आहे; ते असू द्या, पण दूध वाढतं ते वारंवार काढल्यानं आणि बाळ छातीशी असल्यानं. दोन-तीन आठवड्यांनीही तिचं रडणं थांबत नसेल, झोप उडाली असेल, बाळाकडे जायलाच नको म्हणत असेल, तर नजर उतरवत बसण्यापेक्षा डॉक्टरांना सांगा. बाळंतपणानंतरचं नैराश्य हा आजार आहे आणि त्याला उपचार आहेत.

आता कांगारू, म्हणजे बाळाला उघड्या छातीशी धरून ठेवणं. कोलंबियातल्या बोगोटा शहरात १९७८ च्या सुमारास डॉ. एडगर रे यांच्याकडे पेट्या कमी आणि बाळं जास्त होती, म्हणून त्यांनी बाळांना आयांच्या उघड्या छातीशी ठेवायला सुरुवात केली. गरिबीतली तडजोड म्हणून जे सुरू झालं ते श्रीमंत देशांनीही उचललं. दिल्लीच्या सफदरजंगसह पाच देशांतल्या रुग्णालयांत मोठी चाचणी झाली आणि २०२१ मध्ये तिचे निष्कर्ष आले. १ किलो ते १.८ किलोच्या आतल्या बाळांना तब्येत स्थिरावण्याची वाट न पाहता जन्मापासूनच छातीशी धरलं, तेव्हा पहिल्या २८ दिवसांतले मृत्यू सुमारे चौथ्या हिश्शानं घटले. हे इतकं स्पष्ट दिसलं की चाचणी मध्येच थांबवावी लागली. २०२२ पासून जागतिक आरोग्य संघटनेची शिफारसही तीच आहे: रोज ८ ते २४ तास, जितकं जमेल तितकं.

करायचं असं. पुढून उघडणारा गाऊन किंवा सदरा. बाळाच्या अंगात फक्त लंगोट, टोपी, मोजे. दोन स्तनांच्या मधे उभं, बेडकासारखे पाय दुमडून, मान एका बाजूला वळवलेली आणि नाक मोकळं. वरून मऊ सुती कापडानं दोघांना मिळून बांधायचं आणि मागे टेकून बसायचं. एका वेळी निदान तासभर तरी. दहा मिनिटांसाठी उचलण्यानं बाळ उगाच दमतं. आई थकली की वडील, त्यानंतर आजी, मावशी, कुणीही निरोगी माणूस. भट्टीवर काम करणाऱ्या बापाच्या छातीलाही तेवढीच ऊब असते. आधी अंघोळ, धुतलेले कपडे आणि सर्दी-खोकला नको, एवढीच अट. पुरुषांनी छाती उघडी करून बायकांच्या वॉर्डात बसायचं कसं, हा संकोच खरा आहे. नर्सला सांगितलं तर ती पडदा ओढून देते.

आणि दागिने. सदर बाजारात राहून हे सांगणं धाडसाचं, पण आत जाताना अंगठी, बांगड्या, घड्याळ, मनगटाचा गंडा-दोरा सगळं काढून कोपरापर्यंत हात धुवायचे. जंतू नेमके त्या फटींत बसतात. मंगळसूत्र काढायला पुष्कळ जणी तयार होत नाहीत. कांगारूत ते बाळाच्या गालाखाली येतं आणि टोचतं. ते काढून सासूबाईंच्या हाती द्यावं, आणि ही सूचना सासूबाईंनीच आपणहून करावी.

पैशांबद्दल थोडक्यात. सरकारी रुग्णालयात जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली आजारी अर्भकाचा उपचार, औषधं, तपासण्या आणि वाहन मोफत आहेत. आयुष्मान कार्ड असेल तर पहिल्याच दिवशी मदत-खिडकीवर ते दाखवा, बाळाचं वेगळं कार्ड नाही म्हणून थांबू नका. खासगीत जाणार असाल तर दिवसाचा दर विचारून भागत नाही. व्हेंटिलेटर, फुप्फुसात सोडायचं सर्फॅक्टंट, भारी प्रतिजैविकं यांचे पैसे वेगळे का, हे लिहून घ्या. खर्च झेपणार नसेल तर ते तिसऱ्या आठवड्यात कर्ज काढून झाल्यावर न सांगता तिसऱ्या दिवशी सांगा. डॉक्टर सरकारी जागा बघून, सोय करून पाठवू शकतात. सही करून बाळाला परस्पर उचलून नेणं हा मार्ग नव्हे.

एक तारीख मात्र भिंतीवर लिहून ठेवा. ३४ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या किंवा २ किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाच्या डोळ्यांच्या पडद्याची तपासणी जन्मापासून ३० दिवसांच्या आत व्हायलाच हवी. २८ आठवड्यांआधीच्या किंवा १२०० ग्रॅमपेक्षा हलक्या बाळांची आणखी आधी, दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात. पडद्यावर रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या वाढतात. वेळेत लेझर किंवा इंजेक्शन मिळालं तर नजर वाचते, एरवी बाळ कायमचं आंधळं होऊ शकतं. बाहेरून डोळे अगदी टपोरे, छान दिसतात, म्हणूनच घरं फसतात. बाळ घरी आलेलं असतं, सगळे आनंदात असतात, आणि नेमकी ही तपासणी राहते. एकदा करून संपतही नाही. डॉक्टर “पुरे” म्हणेपर्यंत जायचं. कानांची तपासणीही पहिल्या महिन्यात करून घ्या.

घरी सोडताना बहुतेक ठिकाणी पाहतात की बाळ तोंडानं नीट पितंय, सलग काही दिवस वजन वाढतंय, श्वास थांबत नाही. मग घराची परीक्षा सुरू होते. गावाहून आलेली आजी सोन्याची अंगठी मधात उगाळून चाटवायला बसते, आणि सराफ बाजारात तर चोख सोन्याला तोटा नाही. नको. मधातून एका भयंकर जंतूची बीजं बाळाच्या पोटात जाऊन तिथं विष तयार करू शकतात. पहिलं वर्षभर मध बंद. गुटी, धुरी, काजळ, नाका-कानात तेल हेही बंद. अंघोळीऐवजी वजन वाढेपर्यंत कोमट ओल्या कापडानं पुसणं. खालच्या मजल्यावर भट्टी असेल आणि तेजाबानं सोनं शुद्ध करत असतील तर त्या पिवळट-तपकिरी धुराचा या फुप्फुसांशी छत्तीसचा आकडा आहे. काही महिन्यांसाठी दुसरीकडे खोली घ्या. छत्तीसगढी शेजारी छट्ठीच्या जेवणाचं विचारतील, आपल्याकडचे बारशाचं. दोन्ही पुढे ढकला. नाव कानात आईनंही सांगितलेलं चालतं.

रायपूरला खेटून नसला तरी गडचिरोली जिल्हा छत्तीसगढाच्या सीमेवरच आहे. तिथं डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं गावातल्या साध्या बायकांना आरोग्यदूत म्हणून शिकवलं: बाळाचं वजन, ऊब, श्वास, दूध आणि जंतुदोषाची लक्षणं. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले होते. त्याच धड्यावरून आज देशभर आशा, आणि छत्तीसगढात मितानिन, दारी येते. तिला जिन्यावरून परत पाठवू नका. तिच्यासमोर बाळ उघडं करून श्वास मोजून घ्या. शांत असताना मिनिटाला ६० पेक्षा जास्त श्वास, छाती आत ओढली जाणं, दूध सोडणं, तळपाय गार पडणं किंवा ताप, तळहात-तळपायांपर्यंत पिवळेपणा, निळसर ओठ, झटके: यातलं एकही दिसलं तर सकाळची वाट पाहायची नाही.

लस जन्मतारखेच्या हिशेबानं द्यायची, पण बाळानं मान कधी धरली, कुशीवर कधी वळलं हे मोजताना जितके आठवडे आधी आलं तितके वजा करायचे, दोन वर्षांपर्यंत. शेजारच्या पोरीशी तुलना करायची असेल तर निदान हिशेब तरी बरोबर करा.

शेवटची विनंती पेढीच्या मालकांना आणि इथल्या मराठी मंडळींना आहे. ज्याचं बाळ काचेत आहे त्या कारागिराला पगारी रजा द्या. त्याला कांगारूला बसायचं आहे. आणि बाळ पाहायला गर्दी करण्यापेक्षा चार घरांनी वार वाटून घेऊन, बाळ घरी येईपर्यंत, त्या आईचा दोन वेळचा डबा रुग्णालयात पोचवावा. चौबे कॉलनीतल्या महाराष्ट्र मंडळात विचारलं तर अशी चार घरं मिळायला अडचण पडू नये.